माहेरच्या डोहावरची सही

मामा, तुमच्या दहाव्याला धरणाच्या पलीकडच्या काठाची माणसं आली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आले का? चहा ठिव माय, साखर जरा जास्त." मी चहा ठेवला, साखर जास्त टाकली. त्या काठचे तुमचे जुने जोडीदार मल्लूअण्णा भिंतीला टेकून बसले होते. बशी तोंडाजवळ नेता नेता म्हणाले, "माणूस लई चांगला व्हता. पर शेवटाला विकला गेला. तेवढाच एक डाग." आपल्या काठची दहा-पंधरा माणसं तिथं होती. कुणी "न्हाई" म्हणालं नाही. मीही नाही. माझ्या हातात किटली होती. मी त्यांच्या बशीत अजून चहा ओतला.

त्याचंच लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. वीस वर्षं जो कागद घरात आला तो मी वाचून दाखवला आणि तुम्ही डोळे मिटून ऐकला. हेही मीच लिहिणार नि मीच वाचणार. ऐकणारे तेवढे तुम्ही नाहीत.

सून आणली की सेक्रेटरी, असं वस्तीत सगळे तुम्हाला चिडवायचे. खोटं नव्हतं ते. देगलूरहून लग्न होऊन आले, अजून हळद उतरली नव्हती, आणि तुम्ही मासेमारी संस्थेचं दप्तर माझ्यापुढे आणून ठेवलंत. भोयाच्या वस्तीत दहावी पास मी एकटीच. पहिल्या मीटिंगला मी मामींच्या, सासूबाईंच्या, मागे पदर सावरून बसले, तर तुम्ही सगळ्या बाप्यांसमोर म्हणालात, "तिथं न्हाई. खुर्चीवर बस. लिहिणाऱ्यानं खाली बसू नये." वस्तीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर तुम्ही बसायचा. त्या दिवसापासून चेअरमन जमिनीवर आणि सून खुर्चीवर. मल्लूअण्णा हसून हसून लोळले होते. माझ्या बापानं मला कधी खुर्ची दिली नाही, मामा. तुम्ही दिलीत आणि मी तिच्यावर बसून काय केलं ते आता सांगते.

आधी डोहाचं सांगायला हवं, नाहीतर पुढे कधी कुणी हे वाचलं तर त्याला काही कळायचं नाही. आपल्या धरणातले झिंगे, गोड्या पाण्यातली कोळंबी, काही मोठे नव्हेत, करंगळीएवढे. पण दोन्ही काठच्या बायांचे संसार त्यांच्यावर चालायचे. वाळवायचे, टोपल्यांत भरायचे आणि जळकोट, मुखेड, उदगीरचा बाजार करायचा. उन्हाळ्यात पाणी हटत हटत जुन्या नदीच्या पात्रात येतं. तिथं वळणावर एक खोल डोह आहे. पोटाखाली अंडी घेतलेल्या झिंग्या सगळ्या तिथं उतरतात, ह्या काठच्या नि त्या काठच्या एकत्र. त्या डोहाला आपण माहेर म्हणतो. पाणी हटायला लागलं की दोन्ही काठच्या बाया जाऊन डोहाची ओटी भरायच्या. खण, नारळ, मूठभर तांदूळ. त्या दिवसापासून नवं पाणी येईपर्यंत तिथं जाळं टाकायचं नाही, सापळा लावायचा नाही. पोरंसुद्धा तिथं दगड मारत नव्हती.

आणि मोजायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी ओटी भरायला गेले. पाण्यात वाकून बघितलं आणि बोलून गेले, "अगं माय, किती असतील हो ह्या?" मामींनी ओल्या हातानं माझं तोंडच दाबलं. दुसऱ्याची लेकरं मोजू नयेत तसं हे. तुम्ही काठावरनं ओरडलात, "सेक्रेटरीबाई, तुमचा हिशेब काठावर. माहेराला हिशेब न्हाई." मी लाजले. पण खरं सांगू, मनात म्हटलं, काय अडाणी माणसं आहेत ही. दहावीचा माज होता मला.

मग नवा जिल्हा झाला. गावागावात गुलाल उधळला, पेढे वाटले, तुम्हीही एक पेढा धोतराच्या सोग्यात बांधून माझ्यासाठी आणला होता. जुन्या जिल्ह्याचं गाव इतकं लांब होतं की एक अर्ज द्यायचा तर मुक्काम पडायचा. तेवढंच लांब ते तिथल्या साहेबांनाही होतं, म्हणून कुणी धरणावर फिरकत नव्हतं आणि आपण आपलं राखत होतो. आता वाटतं, तेच बरं होतं. नवं हापीस जवळ आलं, साहेब जीप घेऊन आले, बॉनेटवर नकाशा पसरला. हा काठ नव्या जिल्ह्याचा, तो काठ पलीकडच्या जिल्ह्याचा, मधून तांबडी रेघ. रेघ बरोबर माहेरावरनं गेली होती. तुम्ही वाकून बघितलं आणि विचारलं, "साहेब, झिंगीला दिसती का ही रेघ?" साहेब हसले. तुम्ही हसला नव्हता.

त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. एक साल गेलं, दुसरंही तसंच गेलं. देवणीकडची माणसं गुरं घेऊन चाऱ्यासाठी आपल्या धरणाच्या उघड्या पडलेल्या तळाशी येऊन राहिली. विहिरी आटल्या, धरणात माहेर तेवढं उरलं. वस्तीतले अर्धे लोक हैदराबादला बांधकामावर गेले, तुमचा लेकही त्यांच्यातच, तेव्हापासून सणावारालाच घरी येतो. बाकीच्यांना तुम्ही एकच सांगायचा, "माहेर हाय तवर बीज हाय. पाणी आलं की सगळं परत येतंय."

त्या दुसऱ्या सालच्या हिवाळ्यात मी एकटी नव्या हापिसात गेले. मला सातवा महिना होता. संस्था जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात वर्ग करायची होती. तुम्ही येतो म्हणाला होता, मीच म्हटलं, "मामा, तुम्ही येऊन काय करणार, वाचायचं मलाच हाय." भाड्याच्या दोन खोल्या, पाटी नवी, रंग ओला, टेबलं आली होती पण खुर्च्या आल्या नव्हत्या. क्लार्क बिचारा उभ्यानं काम करत होता. पोट बघून त्यानं मला खोक्यावर बसायला दिलं, पाणी दिलं. कागदांचा गठ्ठा पुढे केला. "ताई, फुल्या केल्यात तिथं सह्या करा." त्यानं मला फसवलं असं म्हणायला मी पंधरा वर्षं बघतेय, पण तोही घाईत होता. बाहेर माणसांची रांग होती, आणि त्यालाही कुणीतरी वरनं सांगितलं असणार.

मी वाचलं नाही, मामा. का, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय वाचता येत नाही. घरात, तुमच्यासमोर चालतं. पण रांगेतले बाप्ये बघत होते, शर्ट-पँटीतला क्लार्क उभा होता. त्यांनी मला "सेक्रेटरी मॅडम" म्हटलं होतं. पहिलीच्या पोरीसारखं बोट फिरवत वाचायची मला लाज वाटली. मी वाचल्यासारखी मान हलवली आणि फुली दिसेल तिथं झोकात सही केली. त्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं की, संस्थेची सर्वसाधारण सभा झाली, डोहात शासनाने मासेमारीचा परवाना देण्यास सभेची हरकत नाही, असा ठराव एकमताने मंजूर. अशी सभा झालीच नव्हती.

पुढे काय झालं ते मी बघितलं नाही. मी देगलूरला बाळंतपणाला गेले होते. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं त्यावरनंच मला माहीत. नव्या हापिसानं एका ठेकेदाराला परवाना दिला, रेघेच्या अलीकडे. पलीकडच्या हापिसानं दुसऱ्याला दिला, रेघेच्या पलीकडे. डोह एकच. दोन ट्रक आले. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी. बाया ओटीचा नारळ घेऊन काठावर उभ्या, आणि तुम्ही छातीएवढ्या पाण्यात जाळ्यासमोर जाऊन उभे राहिलात. पोलिसानं कागद दाखवला. तुम्ही म्हणालात, "काय लिव्हलंय?" तो म्हणाला, "तुमचीच परवानगी हाय, बाबा." तुम्ही म्हणालात, "आमची सून वाचून दाखवल्याबगर आमी मानत न्हाई." सून देगलूरला आईच्या हातचे डिंकाचे लाडू खात होती. तिसऱ्या दिवशी डोहात नुसता चिखल उरला.

पुढच्या साली पाऊस लागला, धरण भरलं. झिंगे आले नाहीत. त्याच्या पुढच्या सालीही नाही. मग दोन्ही हापिसांचे साहेब हार घालून आले आणि पिशव्यांमधून माशांची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली. झिंग्यांचं कुठं एखादं बीज राहिलं असेल तर ते त्या माशांनी खाल्लं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. इकडचे म्हणाले राखायचं काम तिकडचं, तिकडचे म्हणाले इकडचं.

उदगीरच्या वकीलसाहेबांकडे आपण गेलो ते आठवतं ना? वाण्याघरचे, कपाळाला विभूती, खाली भावाचं कापडाचं दुकान आणि वर ह्यांची खोली. ते म्हणाले, सरकारवर दावा लावायचा म्हणजे सरकारची जबाबदारी होती हे आधी दाखवावं लागतं. तुम्ही मांडी घालून बसलात आणि त्यांनाच शिकवलंत. "साहेब, गावानं गुराखी ठिवला. गुरं गावाची, त्याची न्हाईत. त्यानं राखायची. गाय वाघानं नेली तर त्याला कुणी बोलत न्हाई. पर त्यानंच खाटकाला दिली तर? आन दोन गावचे दोन गुराखी आसले नि दोघं बी मनले, मला वाटलं तो बगून ऱ्हायला, तर गायीचं कोण बगायचं?" वकीलसाहेबांनी पेन काढलं आणि ते लिहूनच घेतलं. दाव्यात ते आहे, मामा, तुमचा गुराखी. फक्त "राज्यशासन हे सामायिक साठ्याचे मालक नसून राखणदार आहे" असं लिहिलंय. "भरपाई किती मागायची?" असं त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते तुमी बगा. आमाला लिहून पायजे की चूक त्यांची हाय. आन बीज आणून टाका, तेच झिंगे, दुसरे न्हाईत."

सरकारचं उत्तर आलं ते मी अंगणात वाचून दाखवत होते. तुम्ही जाळं सांधत होतात, पोरगी तुमच्या मांडीवर झोपली होती. दावा चालण्यासारखा नाही, कारण संस्थेनं स्वतःच नाहरकत दिली, सोबत प्रत जोडली आहे. मी प्रत उलटली. बोट सरकत सरकत खाली आलं आणि थांबलं.

तुम्ही मान वर केलीत. "खाली दस्तखत कुणाची हाय?"

"माझी."

तुम्ही सुतळीला गाठ मारलीत, दातानं तोडलीत. पुढची गाठ मारलीत. मग म्हणालात, "मीटिंगची वही कुटं हाय?" ट्रंकेत आहे म्हटलं. "तितंच ऱ्हाऊ दी. कुणाला दिसू दिऊ नको." आणि मग, "भूक लागली. वाढ." या विषयावर आपलं दोघांचं बोलणं एवढंच झालं. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. तुम्ही भाकरी कुस्करून शांतपणे जेवलात.

वकीलसाहेबांना मी काही बोलले नाही. पण ते एकदा सहज म्हणाले होते, सभा न घेता असा दाखला दिला असेल तर तो कागद फुकट आहे, सरकारचा बचाव तिथंच पडतो, मात्र खोटा दाखला देणाऱ्यावर फौजदारी होऊ शकते. हे तुम्हीही ऐकलं होतं. पोरगी तेव्हा तीन वर्षांची. आणि वस्तीनं मला ठेवलं नसतं हेही तुम्हाला ठाऊक होतं. सून म्हणजे शेवटी बाहेरची.

साक्षीच्या दिवशी तुम्ही मामींनी धुतलेलं धोतर नेसला होता. आपल्या वकीलसाहेबांनी आधी दहादा पढवलं होतं, किती झिंगे गेले विचारलं तर एक आकडा सांगा, लाख म्हणा, दोन लाख म्हणा, पण सांगा. जजसाहेबांनीच विचारलं. तुम्ही म्हणालात, "मोजलं न्हाई साहेब."

"अंदाजे?"

"अंदाज बी घ्यायचा नसतो तितला."

कोर्टात लोक हसले. मग सरकारी वकील उठले. हातात तो कागद. ही सही कुणाची? सुनेची. सभा झाली होती का? मी मागच्या बाकावर होते, पोरगी मांडीवर. मला वाटलं होतं तुम्ही माझ्याकडे बघाल. तुम्ही बघितलं नाही. म्हणालात, "झाली व्हती. मीच घेतली. मी सांगितलं मनून तिनं दस्तखत केली. तिच्यावर काय न्हाई." सभेची वही? "उंदरानं खाल्ली." आपल्या वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शंभर घरांच्या पोटासाठी ज्यांनी झिंग्यांचा एक खोटा आकडा सांगितला नाही, त्यांनी शपथ घेऊन माझ्यासाठी दोनदा खोटं सांगितलं. आणि परतीच्या एसटीत मी काय केलं? तुमच्याशी भांडले. "एक आकडा सांगता येऊ नये तुम्हाला? वकील डोकं आपटून राहिले तुमच्यापुढं. कसली मेली ती रीत, त्या रीतीपायी दावा घालवला तुम्ही." सगळी एसटी ऐकत होती. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. उदगीरच्या स्टँडवर म्हणालात, "पोरीला फुटाणे घे, रडून ऱ्हायली." पुढे कितीतरी वर्षं मी त्या आकड्यावरनं तुम्हाला टोचत राहिले. सहीवरनं बोलायची छाती नव्हती, म्हणून आकड्यावरनं भांडत होते. तुम्हाला ते कळत होतं. एकदाही म्हणाला नाहीत की, बाई, तुझी सही बघ आधी.

निकाल लागला. डोहात मासेमारी संस्थेच्या संमतीने झाली, नुकसानही सिद्ध झाले नाही, सबब शासनाची जबाबदारी नाही. दोन ओळी. वकीलसाहेबांनी वरच्या कोर्टात अपील टाकलं. वस्तीत बातमी दुपारपर्यंत पोचली आणि संध्याकाळपर्यंत तिला शेपूट फुटलं, चेअरमननं ठेकेदाराकडून खाल्लं. आपल्या दारावरनं जाणारी माणसं मान वळवायला लागली. पलीकडच्या काठानं तर रोटी-व्यवहारच तोडला. मारुतीच्या पारावर तुम्ही बसलात की बाकीचे उठायचे. मग तुम्ही जायचंच सोडलंत आणि अंगणात तेच ते जाळं सांधत बसलात. फाटकं नसलेलं जाळंसुद्धा उसवून सांधायचा. मला राग यायचा. खरंच यायचा. वाटायचं, ओरडा एकदा चार माणसांत, सांगा माझं नाव, मोकळे व्हा. पण मी आत चुलीपाशी बसून भाकरी थापत राहायचे. तुम्ही गप्प राहिलात ते माझ्यासाठी, आणि मी गप्प राहिले तेही माझ्यासाठीच. दोघांनी मिळून मलाच राखलं.

आणि मामी. त्या डोहाच्या ओटीतला पहिला नारळ मामींचा असायचा. त्या तुम्हाला एकदाच म्हणाल्या, "माहेर विकलं तुमी." त्यानंतर कामापुरतं बोलल्या. ताट ठेवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. तुम्ही त्यांना तरी सांगायचं होतं. बायकोला तरी. का नाही सांगितलं? मी विचार करकरून थकले. मामींच्या पोटात राहणार नाही, विहिरीवर भांडणात तोंडून निघेल, असं वाटलं असेल. की मला त्यांच्या हाताखाली घरात राहायचं होतं, म्हणून?

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला धाप लागायची, बसून झोपायचा. एका दुपारी मी पाय चेपत होते, घरात कुणी नव्हतं. तुम्ही विचारलंत, "अपिलाची तारीख पडली का?" पडली म्हटलं, पुढची. "चालू ठिव," म्हणालात. तेव्हा माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मामा, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं, जास्त काही नाही. तेवढ्यात मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या ठेवला, तोंड फिरवलं, गेल्या. तुम्ही दार दिसेनासं होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिलात. मी पुन्हा पाय चेपू लागले. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

मल्लूअण्णांचं ते वाक्य ऐकल्यावर मी ट्रंक उघडली, वही काढली आणि दुसऱ्या दिवशी उदगीर गाठलं. वकीलसाहेबांचे केस आता पांढरे झालेत. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली, दोनदा. अशी सभाच नाही. मला वाटलं चिडतील. ते वही मिटून म्हणाले, "तरीच. आकडा न सांगणारा माणूस हे कसं बोलला, मला तेव्हाच समजलं नव्हतं." मग त्यांनी सगळं सरळ सांगितलं. अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, आलंय. मी शपथेवर लिहून दिलं आणि वही जोडली तर कोर्ट ती घेईल किंवा घेणार नाही. घेतली तर संमतीचा मुद्दा पडतो, आणि मग दोन्ही हापिसांना उत्तर द्यावं लागतं की राखणदार असून राखलं का नाही. "पण ताई, 'माझ्या सासऱ्यांनी कोर्टात खोटी साक्ष दिली' हे वाक्य तुम्हाला लिहून द्यावं लागेल. आणि तुमच्यावर काय येईल ते मी आज सांगू शकत नाही."

माझ्यावर यायचं ते येऊ दे, अकरा वर्षं उशिरा येतंय. मला झोंबलं ते आधीचं वाक्य. तुमचा विकल्याचा डाग पुसायला गेले तर खोटारडेपणाचा शिक्का मलाच मारायचा आणि तोही कायमचा, सरकारी कागदावर. तुम्ही असता तर नको म्हणाला असता. वही ट्रंकेत ठिव, म्हणाला असता. चार रात्री मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले, आणि पहिल्यांदा असं झालं की तुम्ही सांगितलेलं मी ऐकणार नव्हते. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत ते लिहायला, लपवायला नव्हे.

आज सकाळी जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करून आले. उद्या पलीकडच्या काठावर जाणार आहे, मल्लूअण्णांच्या दारात उभं राहून सांगायला. जोड्यानं मारलं तर मारू दे. पण घरातल्या माणसाला आधी कळायला हवं, म्हणून दुपारी मामींपुढे बसले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. सही, क्लार्क, वही, उंदीर, सगळं. त्यांचं बोट तांदळात फिरत राहिलं, मग थांबलं.

"मंजे त्यांनी विकलं नव्हतं."

"न्हाई, मामी."

"ठेकेदाराचं काय घेतलं नव्हतं."

"चहासुदिक न्हाई."

मला वाटलं त्या माझ्या झिंज्या धरतील. मी मान खाली घालून तयारच होते. पण त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि तुमची बसायची जागा असते ना, दाराजवळ, तिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अकरा साल मी त्यांच्याशी धड बोलले न्हाई. त्या दिवशी पाणी द्यायला आले, तर तांब्या ठिवून तोंड फिरवलं. तू तितंच व्हतीस."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले नाहीत आणि मला उठवलंही नाही.

"तुला कोर्ट तरी हाय, जाऊन सांगायला," त्या म्हणाल्या. "मी कुटं जाऊ?"